53 सेकंदांचे विमान: खुलासा

‘जगातले सर्वांत छोटे विमानोड्डाण रोज 53 सेकंदांत संपते’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. उड्डाण खरे आहे. ‘रोज 53 सेकंदांत’ हे मात्र चूक.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटे आहेत. त्यांतल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमधले हवाई अंतर सुमारे 2.7 किलोमीटर, म्हणजे मोठ्या विमानतळाच्या एका धावपट्टीएवढे. 1967 पासून लोगनएअर ही विमान कंपनी ही सेवा चालवते. वेळापत्रकात 2 मिनिटे दिलेली असतात आणि प्रत्यक्षात साधारण दीड मिनिट लागते. 53 सेकंद हा अनुकूल वाऱ्यात झालेला विक्रम आहे. वारा आणि धावपट्टीची दिशा बदलली की वेळही बदलते.

काही संकेतस्थळे याच अंतरासाठी अर्धा तास दाखवतात. ती कुठल्याही उड्डाणात विमान वर चढण्याचा आणि खाली उतरण्याचा ठरावीक अर्धा तास मिळवतात, इथे तो हिशेब लागूच पडत नाही. आठ प्रवाशांचे छोटे आयलँडर विमान फार उंच जातच नाही.

आणि कृपया याला ‘पर्यटकांची गंमत’ म्हणू नका. शिक्षक, डॉक्टर, रुग्ण यांच्यासाठी ही रोजची वाहतूक आहे.