खोडलेली बारा वर्षं

काल रात्री मी माझ्या बायोडाटातली पहिली बारा वर्षं काढून टाकली.

मुलगी शेजारी बसली होती. तीच म्हणाली, "आई, पदवीचं साल काढ आणि पहिल्या दोन नोकऱ्याही काढ. पंधरा वर्षांपेक्षा जास्त दिसलं की पुढे वाचतच नाहीत गं." काळजीपोटीच बोलत होती. मी एकेक ओळ पुसत गेले. दोन पानांचं एक पान झालं. ती म्हणाली, "आता छान दिसतंय." माझ्या मात्र पोटात कालवलं, कारण जे पुसलं त्याच वर्षांत मी माझं काम शिकले होते.

मी अकाउंट्स आणि पेरोलमधली, म्हणजे हिशेब आणि पगारपत्रकं. वय 51, नोकरी 27 वर्षं. पहिल्या नोकरीत वह्या हातानं लिहायच्या होत्या आणि आमचे हेडक्लार्क फार कडक होते. बेरजा जुळल्या नाहीत तर ते म्हणायचे, "आधी फरकाला नऊनं भाग." भाग गेला, तर बहुतेक वेळा कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेले असतात. 2,481 च्या जागी 2,418 लिहिलं गेलं की फरक 63, आणि 63 ला नऊनं भाग जातो. नाही गेला, तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची. नावेची नोंद जमेला गेलेली असते.

हे आता जुनं झालं असं वाटेल, पण नाही झालं. शेवटच्या नोकरीत सगळं सॉफ्टवेअरवर होतं. एक तरुण सहकारी बँकेशी खातं जुळवताना सकाळपासून 450 चा फरक शोधत होता, रडकुंडीला आला होता. मी म्हटलं, "नऊनं भाग जातोय, उलटा आकडा शोध." अर्ध्या तासात सापडलं. 3,270 च्या जागी 3,720 भरलं होतं. त्याला झालेला आनंद मला अजून आठवतो. ज्या वर्षांत मी हे शिकले, ती काल रात्री पुसली.

नोकरी गेली चौदा महिन्यांपूर्वी. दोन विभाग एकत्र केले, त्यात माझी जागा उरली नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कंपन्यांमध्ये असं होतं. तक्रार त्यानंतर जे चाललंय त्याची आहे. सवयीप्रमाणे मी वही ठेवली आहे. 96 अर्ज. 71 ठिकाणांहून अवाक्षर नाही. 16 ठिकाणांहून आपोआप आलेला नकार, त्यातले काही तर अर्ज केल्यावर दहा मिनिटांच्या आत. 9 इंटरव्ह्यू.

त्यातला एक सांगते. समोरची मुलगी तिशीची असेल, बोलायला अगदी गोड. कामाचे सगळे प्रश्न झाले, उत्तरं तिला पटत होती हे दिसत होतं. मग ती जरा थांबली आणि म्हणाली, "आमचे मॅनेजर 29 वर्षांचे आहेत. तुम्हाला अवघड नाही ना जाणार?" मी म्हटलं, माझा आधीचा साहेब माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान होता आणि आमचं उत्तम जमायचं. मग पुढचा प्रश्न आला. "अजून किती वर्षं काम करायचा विचार आहे? आम्हाला लाँग टर्म माणूस हवंय." मागच्या ठिकाणी मी पंधरा वर्षं होते, ते तिच्या हातातल्या कागदावरच लिहिलेलं होतं. सव्वीस वर्षांचा मुलगा दोन वर्षांत दुसरीकडे जाणार हे सगळ्यांना माहीत असतं, त्याला कोणी हे विचारत नाही. शेवटी "कळवतो." अजून कळवलेलं नाही.

पगाराचंही असंच. एका ठिकाणी म्हणाले, "तुमची अपेक्षा आम्हाला परवडणार नाही," आणि अपेक्षा विचारलीच नव्हती. दुसऱ्या ठिकाणी मी आपणहून सांगितलं की कमी पगारावर तयार आहे, तर चेहऱ्यावर शंका. एवढी अनुभवी बाई कमी पैशांत का तयार होते, काहीतरी गडबड असणार. मग बोलायचं तरी काय?

आणि तो शब्द, "ओव्हरक्वालिफाईड", म्हणजे कामाच्या मानानं जास्तच अनुभवी. नऊपैकी चार ठिकाणी ऐकला. ऐकायला कौतुक वाटतं म्हणून त्याच्याशी भांडताही येत नाही. "तुम्ही वयस्कर आहात" असं कोणी तोंडावर म्हणालं असतं तर निदान उत्तर देता आलं असतं. नवीन सॉफ्टवेअर जमत नाही असं वाटत असेल तर परीक्षा घ्या, मी तीन सिस्टिम बदलताना पाहिल्यात आणि प्रत्येक वेळी जुना डेटा नव्यात चढवायला आम्हीच रात्री जागलो आहोत. पण परीक्षा घ्यायचीच वेळ येत नाही, कारण निर्णय आधीच झालेला असतो.

हा माझ्या मनाचा खेळ आहे असं काही महिने मलाही वाटलं. मग वाचायला लागले. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ डेव्हिड न्यूमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 40 हजारांहून जास्त काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले होते. 2019 साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. ऑफिसातल्या साहाय्यकाच्या कामासाठी 64 ते 66 वयाच्या बायकांना तिशीच्या आसपासच्या बायकांच्या तुलनेत जवळपास निम्मेच फोन आले. माझ्या वयाच्या, म्हणजे पन्नाशीच्या बायकांनाही कमीच आले. बायकांवर हा घाव जास्त बसतो, हे त्यात स्पष्ट दिसलं. ते वाचून मी रडले, आणि मनावरचं ओझंही थोडं उतरलं. निदान हे माझ्या एकटीचं नव्हतं.

दुसरी एक घटना तर मी कितीतरी जणांना सांगितली आहे. एका ऑनलाइन शिकवणी कंपनीचं सॉफ्टवेअर 55 च्या पुढच्या बायका आणि 60 च्या पुढचे पुरुष आपोआप बाद करत होतं, असा अमेरिकेच्या रोजगार समान संधी आयोगाचा आरोप होता. 200 हून अधिक लोक असे गळले होते. कळलं कसं? एका बाईंनी तोच बायोडाटा फक्त जन्मतारीख बदलून पुन्हा पाठवला, आणि इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. 2023 मध्ये कंपनीनं 3 लाख 65 हजार डॉलर देऊन तडजोड केली. दहा मिनिटांत आलेले माझे ते नकार कुठून आले असतील, हे मी तेव्हापासून रोज मनात घोळवते.

अमेरिकेत चाळिशीच्या पुढच्यांसाठी 1967 पासून कायदा आहे. तरीही हे होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा मोठा करार 1958 चा. त्यात वंश, रंग, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ, सामाजिक मूळ अशी यादी आहे, वय नाही. वयस्कर कामगारांसाठी वेगळी शिफारस आली 1980 मध्ये, आणि शिफारस पाळणं बंधनकारक नसतं.

आता फॉर्मबद्दल. ऑनलाइन अर्जात जन्मसालाची चौकट असते. क्लिक केलं की सालं खाली सरकत जातात, आणि माझं साल येईपर्यंत बोट दुखतं. मी पेरोल केलंय, म्हणून अधिकारानं सांगते. माणसाची जन्मतारीख पगारपत्रक करणाऱ्याला केव्हा लागते? नेमणूक झाल्यावर. निवृत्तिवेतनाच्या नोंदीसाठी, विम्यासाठी. एखाद्या कामाला कायद्यानं वयाची अट असेल तर गोष्ट वेगळी. एरवी अर्ज चाळताना तिचा काडीचाही उपयोग नाही. ती चौकट रुजू होण्याच्या दिवसाच्या कागदांत टाका, एवढं साधं आहे. कोणाही एचआरवाल्यानं मनात आणलं तर आठवड्याभरात होईल.

"तुम्ही थांबा, पोरांना जागा द्या," असंही सुनावलं मला एकानं, तेही नात्यातल्याच. मुलगी 23 ची आहे, तीही नोकरी शोधतेय. तिला सांगतात अनुभव नाही. संध्याकाळी आम्ही दोघी एकाच टेबलाशी बसून अर्ज भरतो. मी घरी बसले म्हणून तिला नोकरी लागणार असती तर मी आनंदानं बसले असते. पण तसं घडत नाही. 12 देशांची आकडेवारी तपासलेला एक मोठा अभ्यास 2010 मध्ये आला. वयस्कर लोक लवकर बाहेर काढल्यानं तरुणांना काम मिळतं, याचा पुरावा त्यात सापडला नाही. मी कमावले नाही तर उलट तिच्या डोक्यावर माझा भार येतो.

माझ्यासारखे बरेच जण आहेत, मला मेसेज येतात. एकजण सहा महिने घरच्यांना सांगूच शकले नव्हते, रोज डबा घेऊन बाहेर पडायचे. तुम्ही भरती करणाऱ्या जागेवर असाल तर माझी एकच विनंती आहे. नकार द्यायचा तर द्या, पण कळवा. नकार आला की माणूस वहीत एक रेघ मारून पुढे जातो. उत्तरच आलं नाही तर ती ओळ महिनोन्महिने उघडी राहते आणि रोज सकाळी तिच्याकडे बघावं लागतं.

मंगळवारी दहावा इंटरव्ह्यू आहे. एका पानाचाच बायोडाटा घेऊन जाणार आहे, कारण बोलावणं त्याच्यावरच आलं. पण आधीचं विचारलं तर मी लपवणार नाही. हातानं लिहिलेल्या वह्यांपासून सांगायला सुरुवात करीन.