६,४०० डॉलरच्या ॲन्युअलबद्दल (विमानाच्या वार्षिक तपासणीबद्दल) आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून मीही मराठीतच लिहितो. इथे ओहायोत आमच्या विमानदुरुस्तीच्या हँगरबद्दलचे अभिप्राय वाचणाऱ्या बहुतेकांना ते कळणार नाही. पण विमान घेतलेली किंवा घ्यायच्या बेतात असलेली चार-दोन मराठी मंडळी आमच्याकडे येतात, त्यांना कळेल.

तुमचं म्हणणं असं: फोनवर १,९०० डॉलर सांगितले आणि बिल ६,४०० चं आलं. दोन आठवडे म्हणालो आणि पाच लावले. तपासणीची सही अडवून विमान ओलीस धरलं. आधीच्या ठिकाणी तीन वर्षं १,१०० डॉलरमध्ये एकही खोट न निघता ॲन्युअल होत होती. आणि शेवटी, 'आपला माणूस म्हणून गेलो, आपल्याच माणसानं कापलं.' कॉफी वाईट होती असंही लिहिलंय. कॉफीबद्दल वाद नाही.

आधी माझ्या चुका सांगून टाकतो. नाकाच्या चाकाचा टायर-ट्यूब आणि लँडिंग लाइट आम्ही तुम्हाला न विचारता बदलले. टायर गुळगुळीत झाला होता, दिवा लागत नव्हता, हे खरं. पण विचारायला हवं होतं. त्याचे ४१० डॉलर परत करतोय, चेक सोमवारी टाकला. पाच आठवडे लागले ते सिलिंडर बाहेर दुरुस्तीला गेला म्हणून; तरी त्या काळात तुम्हाला दोनदा स्वतःहून फोन करावा लागला, तो मी करायला हवा होता. आता नियम असा केलाय की आधी तपासणी पूर्ण संपवायची, मग यादी आणि प्रत्येक कामाची किंमत मालकाला लिहून पाठवायची, आणि त्याचा लेखी होकार आल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. हे आधीच असायला हवं होतं.

आता पैशांचं. १,९०० डॉलर हे फक्त पाहण्याचे. तासाला ९५ डॉलरप्रमाणे २० तास. एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या) नियमावलीत, भाग ४३ च्या परिशिष्ट 'डी'मध्ये, काय काय पाहायचं ते दिलेलं आहे आणि चेकलिस्ट समोर ठेवूनच ते पाहावं लागतं. तुमच्या सेस्ना १७२ च्या सीटा आणि कार्पेट काढले, पंखांखालची सगळी झाकणं उघडली, चाकांची बेअरिंगं काढून धुतली, कंट्रोलच्या केबली हाताखालून घालवल्या, शेवटी इंजिन चालवून आरपीएम, मॅग्नेटो (स्पार्क प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र), तेलाचा दाब वगैरे नोंदवलं. त्यातले तीन तास लॉगबुकं चाळण्यात गेले. तुमच्या वहीत 'सर्व एडी पाळले' एवढं एकच वाक्य आहे. एडी म्हणजे एफएएचा सक्तीचा सुरक्षा-आदेश; तेवढ्या वाक्यानं भागत नाही. कोणता एडी, कशा पद्धतीनं पाळला, पुन्हा कधी येतो, ही नोंद ठेवणं कायद्यानं मालकाच्या अंगावर आहे. ती यादी आम्ही करून दिली. पुढच्या वर्षी हे तीन तास लागणार नाहीत.

'विमान तर व्यवस्थित उडत होतं' असं तुम्ही लिहिलंय. उडत होतं, कबूल. पण मफलर बघा. आम्ही एक्झॉस्टला व्हॅक्यूमची नळी उलटी लावून हवा भरली आणि साबणाचं पाणी शिंपडलं. बुडबुडे आले ते मफलरवरच्या पत्र्याच्या आवरणाखालून. त्या आवरणातून जाणारी हवा तापते आणि केबिन हीटचा नॉब ओढला की तीच तुमच्या पायांशी येते. उन्हाळाभर तुम्ही तो नॉब ओढलाच नाही, म्हणून काही जाणवलं नाही. तुमची ॲन्युअल ऑक्टोबरात होती. नोव्हेंबरात मुलांना मागे बसवून इंडियानापोलिसला जाताना तो ओढला असतात तर कार्बन मोनॉक्साइड आत आला असता, आणि त्याला वास नसतो. मफलर आणि मजुरी मिळून १,१६० डॉलर. ह्या एका कामाबद्दल मी कुणाशीही घासाघीस करणार नाही.

सीटच्या रुळांचे १,१०० तुम्हाला सगळ्यात जास्त खुपलेत. 'सीटखालच्या पट्ट्यांना अकराशे?' सेस्नात सीट ज्या रुळावर मागेपुढे सरकते त्याला भोकं असतात आणि सीटची पिन त्यांत अडकते. भोक झिजून मोठं झालं की पिन निसटते. टेकऑफला नाक वर उचललेलं असताना सीट मागे घरंगळली की पायलट आधारासाठी योक (हातातलं सुकाणू) धरतो, योक मागे येतो, नाक आणखी वर जातं आणि विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपून खाली येतं. माणसं अशी गेलेली आहेत, म्हणून एफएएचा एडी आहे: सध्याचा २०११-१०-०९, त्याआधीचा १९८७ चा. दर वर्षी किंवा दर १०० तासांनी भोकं मोजायची. ०.४२ इंचाच्या वर गेलं की पुढच्या उड्डाणाआधी रूळ बदलायचा. तुमच्या बाजूच्या रुळात अशी दोन भोकं होती. रूळ रिव्हेटनं बसवलेला असतो. रिव्हेट एकेक करून ड्रिलनं काढावे लागतात, म्हणून मजुरी जास्त.

सिलिंडरचे १,७००. कॉम्प्रेशन टेस्टला ८० पीएसआय हवा भरली तर तिसऱ्या सिलिंडरचा काटा ३८ वर थांबला. इंजिन गरम करून पुन्हा मोजलं, ४१. एक्झॉस्टच्या पाइपाला कान लावला तर फुसफुस ऐकू येत होती, म्हणजे पिस्टनच्या रिंगा नव्हे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. बोरस्कोपनं (सिलिंडरच्या आत घालायच्या बारीक कॅमेऱ्यानं) काढलेला फोटो तुम्हाला पाठवलाय: एका कडेला करपलेल्या भाकरीसारखा व्हॉल्व्ह. असा व्हॉल्व्ह हवेत तुटला तर चारातला एक सिलिंडर गेला. लायकमिंगचं इंजिन तीन सिलिंडरवर घरी आणतंही कधी कधी. कधी कधी. राहिलेले १३० इमर्जन्सी लोकेटरच्या (अपघातात विमानाचा ठावठिकाणा कळवणाऱ्या यंत्राच्या) बॅटरीचे, तिची मुदत संपली होती.

आणि जे केलं नाही तेही सांगतो, कारण कापायचंच असतं तर तिथे कापलं असतं. तुमच्या दोन्ही मॅग्नेटोंची तपासणी ५०० तासांनी करा असं उत्पादक सांगतो. तुमच्या वहीप्रमाणे ९०० च्या वर होऊन गेलेत. पण ती शिफारस आहे. एडी पाळणं सक्तीचं, सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे उत्पादकाची सूचना, खासगी मालकाला सक्तीचं नाही. म्हणून यादीत 'करावं, पण तुमची मर्जी' असं लिहून सोडून दिलं. करून घ्या. आमच्याकडे नको तर दुसरीकडे.

ओलीस धरण्याबद्दल. तपासणीत उड्डाणाला अयोग्य असं काही निघालं तर मी ॲन्युअल नापास करून थांबत नाही. 'तपासणी झाली, दोषांची यादी मालकाला दिली' अशी नोंद करून सही करतो. ती यादी घेऊन तुम्ही कुठल्याही परवानाधारक मेकॅनिककडून दुरुस्ती करून घेऊ शकला असता, पुन्हा ॲन्युअल करायची गरज नव्हती. विमान दुसरीकडे न्यायचं तर एफएएकडून फेरी परमिट (एका उड्डाणाची खास परवानगी) काढता येतं, अर्थात त्या एका उड्डाणापुरतं ते सुरक्षित आहे असं मेकॅनिकनं लिहून दिलं तरच. हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं. पण घाईत, आणि कंप्रेसर चालू असताना. कागदावर द्यायला हवं होतं. ही माझी तिसरी चूक.

११०० डॉलरच्या तपासणीबद्दल मी जपून बोलतो, कारण ती करणाऱ्याला मी ओळखत नाही आणि ओळखायचंही नाही. एवढंच सांगतो: तुमच्या विमानाला चार वर्षांपूर्वी नवा रंग लागला. पंखांखालच्या झाकणांच्या स्क्रूच्या खाचांमध्ये तो रंग तसाच भरलेला होता. एकाही खाचेत स्क्रू-ड्रायव्हर लागल्याची खूण नव्हती. त्याचेही फोटो तुमच्याकडे आहेत.

विमान पन्नाशीचं आहे हेही ध्यानात असू द्या. सेस्नानं १९८६ मध्ये ही छोटी पिस्टनची विमानं बनवणं बंद केलं आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू केलं. इथल्या बऱ्याच लोकांकडे त्याआधीचीच आहेत. जुन्या गाडीसारखा भंगारातला कुठलाही भाग आणून बसवता येत नाही, प्रत्येकामागे कागद लागतो.

खर्च मात्र खरोखर कमी करता येतो. तेल, टायर, स्पार्क प्लग, बॅटरी ही कामं पायलट-मालकाला स्वतः करून वहीत नोंदवायची मुभा आहे. आणि ॲन्युअलला तुम्ही दोन शनिवार आलात, झाकणं उघडली-लावली, सीटा काढल्या, बेअरिंगं धुतली, तर २० तासांतले सहा-सात मी बिलात धरणार नाही. आमच्याकडचे तीन मालक असंच करतात. त्यांतल्या एकाला स्क्रू हरवायची खोड आहे, तरी चालतं.

'आपला माणूस' हे वाचून रात्री झोप नीट लागली नाही, खोटं कशाला बोलू. माझे वडील ओझरला एचएएलमध्ये मिगवर फिटर होते. पाळी संपली की हत्यारं मोजायची, एक पाना कमी भरला तर सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. आई जेवायची थांबलेली असायची आणि चिडायची. आपल्या माणसासाठी मी मजुरीत सूट देऊ शकतो, आणि तुम्ही बोलला असता तर दिलीही असती. ०.४२ इंचात सूट देता येत नाही.

काढलेले रूळ, मफलर आणि व्हॉल्व्ह फेकलेले नाहीत. तुमच्या विमानाचा नंबर लिहून खोक्यात ठेवलेत, खोकं ऑफिसात फाइलच्या कपाटावर आहे. शनिवारी दुपारपर्यंत मी असतो. येताना कॉफी बाहेरून घेऊन या.