पैशाचं बोलणं तालमीच्या आधी

पुरुषोत्तम, फिरोदिया, सवाई अशा नाट्यस्पर्धा गाजवून मुलं-मुली व्यावसायिक नाटकात येतात. आवाज कमावलेला असतो, रंगमंचाचा कोपरा न् कोपरा वापरता येतो. पण ‘तुझी नाईट (म्हणजे एका प्रयोगाचं मानधन) किती?’ असं विचारलं की मान खाली जाते आणि उत्तर येतं, ‘तुम्ही द्याल ते.’ मला ते ऐकून दर वेळी वाईट वाटतं. मी नाटकांच्या तारखा आणि हिशेब सांभाळते, म्हणजे टेबलाच्या पलीकडे बसते. म्हणून सांगते, ‘तुम्ही द्याल ते’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला हिशेबात उरेल ते येतं.

यात निर्माता वाईट असतो असं बिलकुल नाही. एका प्रयोगाचं गणित बघा. थिएटरचं भाडं, पेपरातली जाहिरात, सेटचा टेम्पो, बस, बॅकस्टेजच्या नाईट, लेखक-दिग्दर्शकाचं प्रयोगामागचं मानधन हे सगळं आधीच ठरलेलं असतं. ज्याच्या नावावर बुकिंग होतं त्या नटाची नाईटही ठरलेली असते. मोकळा आकडा राहतो तो नव्या मुलांचा. काटकसर करायची तर तिथेच होणार.

त्यामुळे भूमिका स्वीकारतानाच बोला. एकदा तालीम सुरू झाली, पाठांतर झालं, फोटोशूट झालं, घरी-दारी सांगून झालं की तुमच्याकडे नाही म्हणायची ताकद उरत नाही. शुभारंभाच्या आठवड्यात पैशाचा विषय काढला की तो नट अडवणूक करतोय असंच सगळ्यांना वाटतं, मग त्याची मागणी कितीही रास्त असो.

आणि फक्त रकमेवर भांडू नका. पहिल्या नाटकाला नाईट कमी मिळणार, हे बऱ्याचदा खरंच असतं. पण किती प्रयोगांनंतर ती वाढेल, हे पहिल्याच दिवशी विचारता येतं. सुपारीच्या, म्हणजे कुणी ठरावीक रक्कम देऊन बोलावलेल्या, प्रयोगाला वेगळी रक्कम आहे का? दौऱ्यावर जेवणाचं आणि राहण्याचं काय? तालमींचे निदान येण्या-जाण्याचे पैसे मिळतील का? ऐनवेळी प्रयोग रद्द झाला तर? तुमच्या जागी दुसरा नट घ्यायचा झाला तर किती दिवस आधी कळवणार? जाहिरातीत नाव येणार का? निर्मात्याकडे खरोखर पैसे नसले तरी यातल्या दोन-तीन गोष्टी तो आनंदाने देतो, कारण त्याला त्या फार महाग पडत नाहीत. तुम्हालाही त्याला देण्यासारखं काहीतरी असतं, ते म्हणजे तारखा. तीन महिन्यांचे शनिवार-रविवार पक्के देणारा नट आमच्यासाठी फार मोलाचा असतो. ते फुकट देऊ नका.

आकडा सांगितल्यावर गप्प बसायला शिका. ‘दोन हजार... म्हणजे दीड चालेल... तसं काही नाही हो’ असं एका दमात स्वतःच खाली येणारी कितीतरी मुलं मी पाहिली आहेत. समोरच्याने अजून तोंडही उघडलेलं नसतं! सहकलाकारांना त्यांची नाईट विचारा आणि आपली सांगा. ही माहिती लपवल्याने नटाचा कधीच फायदा होत नाही.

मालिकेचं गणित वेगळं. तिथे ‘पर डे’ मोठा दिसतो, पण महिन्याला किमान किती दिवस देणार, हे लिहून घेतलं नाही तर त्या आकड्याला अर्थ नाही. पैसे बहुधा ९० दिवसांनी येतात. सांगितलेली रक्कम १० टक्के टीडीएस कापण्याआधीची की नंतरची, काम मिळवून देणाऱ्या कॉर्डिनेटरचं कमिशन त्यातूनच जाणार का, करार चालू असताना नाटकाला सुट्टी मिळणार का, हे सहीच्या आधी विचारायचं.

चित्रीकरणाचा मुद्दा तर कोणीच काढत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलावंताच्या सादरीकरणाला हक्क मिळाला आणि २०१२ च्या दुरुस्तीने तो आणखी बळकट झाला. तो ५० वर्षं टिकतो. नाटक ओटीटीसाठी चित्रित होणार असेल तर त्याचं बोलणं प्रयोगाच्या नाईटपासून वेगळं व्हायला हवं. ‘सर्व माध्यमांतले सर्व हक्क’ अशी ओळ दिसली की थांबा आणि त्याचे वेगळे पैसे मागा.

पैशाचं बोललं की कला बाटते असं मानणाऱ्यांनी चैत्राच्या तोंडावर नारायणगावला जाऊन यावं. तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे पंच जत्रेची तारीख घेऊन येतात आणि समोरासमोर बसून सुपारी ठरते. कुणाला त्यात संकोच नाही. पण त्याच फडात हंगामाआधी उचल घेतलेला कलावंतही असतो, आणि त्याला बोलणी करायला जागाच नसते. उचल फिटेपर्यंत तो बांधलेला. मला तरुण नटांची सगळ्यात जास्त काळजी इथेच वाटते. दोन-तीन महिन्यांचं भाडं आणि जेवण गाठीला असेल, तरच ‘उद्या कळवतो’ असं म्हणता येतं. त्यासाठी शिकवण्या घ्या, डबिंग करा, आवाजाची कामं करा. त्यात काहीही कमीपणा नाही.

आणि ठरलेलं त्याच रात्री व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा: ‘दादा, आज आपलं असं ठरलं, बरोबर ना?’ समोरून ‘हो’ आलं की तो मेसेज जपून ठेवा.

कुणाच्या हातात सध्या करार असेल आणि त्यातली एखादी अट कळत नसेल, तर सही करण्याआधी मला इनबॉक्समध्ये पाठवा. मी वाचून सांगेन.