रमाला कापून 'महानिर्वाण' करू नका

सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' करायचं तर पुरं करा. गेल्या आठवड्यात आमच्या नायगावातल्या हौशी मंडळींचा प्रयोग पाहिला, तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

ज्यांना नाटक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चाळीतला भाऊराव मरतो आणि स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतो. बायको रमा, मुलगा नाना, जमलेले चाळकरी, सगळे त्यात ओढले जातात. भाऊरावाचा हट्ट एकच, जाळायचं तर जुन्या स्मशानात. आणि ते तर बंद झालंय! पहिला प्रयोग थिएटर अ‍ॅकॅडमीने 1974 साली पुण्यात केला, तेव्हा आळेकर जेमतेम पंचविशीचे होते. त्या वयात मरणाकडे इतकं बेधडक बघायला धारिष्ट लागतं.

आमचा भाऊराव बेस्टमधून निवृत्त झालेला, रोज संध्याकाळी भजनाला बसणारा माणूस. त्याला कीर्तनाचं सोंग आणावं लागलं नाही. झांजा वाजल्या की मान आपसूक डोलायची आणि तोंडून स्वतःच्या प्रेताची चौकशी निघायची. हशा आला तरी त्याने तो झेलला नाही, पुढच्या ओळीवर गेला. असल्या नाटकात नटाने विनोद करतोय असं दाखवलं की सगळं फुकट जातं.

आणि तिरडी! प्रत्येक चाळीत एक माणूस असतो, कुणी गेलं की पहिला निरोप त्याला. सामान कुठून आणायचं, बांबू किती, सुतळी किती, मडकं कुणाच्या हातात द्यायचं, सगळं त्याला पाठ. आमच्याकडे तोच माणूस चाळकऱ्याच्या भूमिकेत होता. तोंडाने पैशांवरून वाद चालू आणि हात आडव्या कामट्या बांधतायत. गाठ मारून सुतळीचं टोक त्याने दातांनी ताणलं तेव्हा हॉल हसला. माझ्या शेजारच्या आजी हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या. त्यांच्या घरची तिरडी यानेच बांधली असणार.

जुन्या स्मशानाचा हट्ट आज इथे वेगळा लागतो. मुंबईतल्या आमच्या या जुन्या बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहतायत. 160 चौरस फुटांच्या खोलीतून 500 चौरस फुटांच्या घरात जाणं हा या माणसांचा हक्कच आहे, त्याविरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. पण सामाईक गॅलरी गेली की न बोलावता जमणारी माणसंही पांगतात. आपल्या मयताला खांदा द्यायला कोण येईल, हा प्रश्न त्या हॉलमधल्या अर्ध्या लोकांच्या मनात होता. म्हणून सांगते, हे नाटक अशाच वस्तीत, अशाच माणसांनी करायला हवं.

पण दुसऱ्या अंकावर कात्री चालवली, ते मला अजिबात पटलं नाही. वेळेचं कारण सांगितलं गेलं. खरं कारण सगळ्यांना माहीत आहे: रमा. नवरा गेलाय, घरात सुतक आहे, आणि तिचं मन जमलेल्या चाळकऱ्यांतल्या 'डावीकडून तिसऱ्या' माणसात गुंततं. कुणीतरी म्हणालं, "घरच्या बायका बसलेल्या असतात, बरं दिसत नाही." अहो, आम्ही घरच्या बायकाच सांगतोय, दाखवा! प्रेताने कीर्तन केलेलं चालतं, तिरडीच्या हिशेबावर पोट धरून हसलेलं चालतं, मग बाईने जिवंत असणंच तेवढं का चालत नाही?

पहिल्या अंकात मेलेला माणूस बोलत राहतो आणि सगळे त्याचं ऐकतात. दुसऱ्यात जी जिवंत आहे ती बोलायला लागते. हा तोल काढून घेतला की उरतं ते नुसतं गमतीदार प्रेत. कीर्तनाचा पहिला भाग, पूर्वरंग, झाल्यावर दुसरा भाग, उत्तररंग, न लावता बुवा उठले तर श्रोते काय म्हणतील? शिवाय वाचवलेल्या वेळात व्हॉट्सअ‍ॅपवरच्या श्रद्धांजलीचे विनोद घातले. पदरचं घालायला वेळ होता, तर आळेकरांच्या शब्दांना का नव्हता?

रमा करणाऱ्या मुलीला ते सगळं पाठ आहे. दिवसभर नोकरी करून रात्री साडेनऊला ती तालमीला यायची आणि तिचा दुसरा अंक बसलाही होता. मी तालमीत पाहिलाय. ती 'डावीकडून तिसरा' म्हणायची तेव्हा आवाज जराही चढवायची नाही, लाजायचीही नाही, आणि आम्हा बघणाऱ्यांना कुठे बघावं कळायचं नाही.

मंडळी पुढचा प्रयोग ठरवतायत. माझं मागणं एवढंच, दुसरा अंक अख्खा परत घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅप काढा. हॉलचं भाडं वाढणार असेल तर वर्गणी काढू, माझी पहिली धरा. झांजेला एक माणूस कमी पडतोय, कुणाला येत असेल तर कमेंटमध्ये कळवा.