शोकोला, कुंदा आणि फडताळातली वाटी

काल रात्री ‘शोकोला’ परत बघितला. २००० सालचा, ज्युलिएट बिनोशचा. लोक त्याला प्रेमाचा सिनेमा म्हणतात. मला तर त्यातला जॉनी डेप काढून टाकला तरी चालला असता. (मैत्रिणींनो, शिव्या कमेंटमध्ये घाला.)

गोष्ट १९५९ची. फ्रान्समधलं खेडं, ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, आणि नेमकी तेव्हाच एक परकी बाई लेकीला घेऊन येते नि चर्चसमोर चॉकलेटचं दुकान थाटते. नवरा नाही, प्रार्थनेला जात नाही. चॉकलेटमध्ये मिरची घालते. (आमची संकेश्वरी मिळायला हवी होती तिला!) गावचा मेयर काउंट रेनो तिच्या मागे हात धुऊन लागतो.

हे आमच्या शहापुरात श्रावणात घडलं असतं तर, असा विचार करायला गेले नि तिथंच अडले. आपल्याकडे उपासाला गोडाची बंदी आहेच कुठं? साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचे गोड काप. एकादशी नि दुप्पट खाशी. काउंटला एक आषाढी आमच्या घरी जेवायला घातलं असतं तर बिचारा एवढा कावला नसता.

आमच्याकडं पहारा असतो तो खाणाऱ्यावर. माझी आत्या लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी परत आली, कायमची. कुणी विचारलं की आजी सांगायची, “आलीय चार दिवस.” ते चार दिवस काही संपले नाहीत. घरात कुंद्याचा पुडा आला, दूध आटून आटून तपकिरी झालेला तो रवाळ कुंदा, की पाहुण्यांसमोर सगळ्यांच्या बशा भरायच्या. आत्याची वाटी मात्र झाकून फडताळात. “ते गेल्यावर खा की गं.” नवऱ्यानं टाकलेली बाई चारचौघांत मिटक्या मारताना दिसली तर काय म्हणतील! एकदा रात्री पाणी प्यायला उठले तर आत्या अंधारात उभ्या उभ्या खात होती. चमचा वाजू नये म्हणून बोटानं. मला बघितलं, नि तेच बोट माझ्या तोंडात घातलं. मी गप्प.

काउंटचीही बायको सोडून गेलेली असते, नि तो लोकांना सांगत असतो, इटलीला गेलीय. ईस्टरच्या आदल्या रात्री दुकान फोडायला जातो, चॉकलेटचा एक तुकडा ओठाला लागतो, आणि मग तो माणूस नुसता तुटून पडतो. शेवटी तिथंच, काचेच्या खिडकीत चॉकलेटनं माखून झोपतो. सगळे हसतात तिथं. मला हसू आलं नाही.

खटकलं ते एकच. डायबेटिस असलेली म्हातारी मनसोक्त गोड खाते नि मरते, आणि ते किती गोड करून दाखवलंय! घरात इन्सुलिनच्या सुया बघितलेल्यांना ते पटायचं नाही.

काल आत्याही होती शेजारी. सत्तरी ओलांडलीय आता. मी सबटायटल वाचून मराठीत सांगत होते. खिडकीत झोपलेल्या काउंटकडं ती बराच वेळ बघत राहिली.

“पाणी तरी पिऊन झोपायचं की त्यानं,” म्हणाली. “इतकं गोड खाल्लं की रात्रभर घसा सुकतो.”