आजीच्या घराचा पिनकोड

इथल्या, कॅलिफोर्नियातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एक प्रश्न येतोच. 'भाचा पुण्याहून एमएसला येतोय, आमच्याकडेच राहणार आहे. वर्षभरानं त्याला इन-स्टेट फी लागू होईल ना?'

इन-स्टेट म्हणजे राज्याच्या रहिवाशांना लागणारी कमी फी. ती लागू नाही होत. मावशीचा पत्ता, बँकेचं खातं, ड्रायव्हिंग लायसन्स, सगळं जमवलं तरी नाही. कॅलिफोर्नियात ३६६ दिवस राहावं लागतं हे खरं, पण इथेच कायमचं राहायचा इरादाही दाखवावा लागतो. आणि एफ-वन हा विद्यार्थ्यांचा व्हिसा मिळतो तोच मुळी 'शिकून मायदेशी परत जाईन' या बोलीवर. एकाच माणसानं दोन्ही कसं म्हणायचं? भाच्याच्या बाबतीत हा नियम मला समजतो, पटतोही.

माझ्या लेकीच्या बाबतीत नाही पटत.

ती चार वर्षांची असताना आम्ही कॅलिफोर्नियात सनीवेलला आलो. किंडरगार्टनपासून बारावीपर्यंत इथल्याच सरकारी शाळा. नवऱ्याचा नोकरीवरचा व्हिसा, एच-वन-बी; त्याच्यावर अवलंबून म्हणून आम्हा मायलेकींचा एच-फोर. १९९० च्या कायद्यापासून एच-वन-बीवाल्यांना कायम राहण्याचा इरादा उघडपणे बाळगता येतो, म्हणून आमच्यासारख्या घरातल्या मुलांना इथे इन-स्टेट मिळू शकतं. तिलाही मिळालं. टॅक्स रिटर्न, भाडेकरार, शाळेचा दाखला दिला आणि काम झालं.

मग ती एकवीस वर्षांची झाली. त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी ती आमचं 'मूल' राहिली नाही आणि एच-फोर संपला. ग्रीन कार्ड, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, हातात असतं तर प्रश्नच नव्हता. पण नोकरीवरच्या ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. आमचा अर्ज २०१६ चा आहे. शिक्षण अर्धवट टाकायचं नसेल तर उरतो तो एफ-वन.

म्हणजे भाच्याचाच व्हिसा, आणि बोलीही तीच.

जेवणं झाल्यावर ती टेबलावर लॅपटॉप घेऊन तो अर्ज भरत बसली होती. भारतात परत जायला घर आहे हे दाखवायचं होतं. तिनं विचारलं, "आई, आजीच्या घराचा पिनकोड काय गं?" मी म्हटलं, ४१६४१६. सांगलीच्या त्या घरात ती आजवर चार उन्हाळे राहिलीय, सगळे मिळून पाच महिनेही भरणार नाहीत. मराठी छान बोलते, पण वाचता येत नाही. त्या घराच्या दारावरची आजोबांच्या नावाची पाटीसुद्धा तिला वाचता येत नाही. आणि कागदोपत्री तिचं घर ते. मी भांडी घासायच्या निमित्तानं आत गेले.

आता फीचं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात बाहेरच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या फीवर वर्षाला ३४ हजार डॉलरहून जास्त द्यावे लागतात. तिचं शेवटचं वर्ष राहिलंय. वर्ग तेच, प्राध्यापक तेच, ती राहते तेही तिथंच. व्हिसा तेवढा बदलला.

याच राज्यात २००१ पासून एक चांगला कायदा आहे, एबी ५४०. इथल्या हायस्कूलात तीन वर्षं शिकून पास झालेल्या मुलाला ही वरची फी माफ होते, त्याच्याकडे कागदपत्रं नसली तरीही. मला तो कायदा मनापासून योग्य वाटतो. ज्या गावात मूल वाढलं ते त्याचं गाव, हा त्यामागचा विचार आहे. पण एफ-वनसारख्या व्हिसावर असलेल्या मुलांना त्यातून वगळलंय. माझं म्हणणं एवढंच की शाळेची वर्षं मोजायचीत ना, मग सगळ्यांची मोजा. माझ्या लेकीची तेरा भरतात.

२०२१ मध्ये अशा मुलांसाठी 'अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्ट' नावाचं विधेयक अमेरिकेच्या संसदेत, म्हणजे काँग्रेसमध्ये, आलं. २०२३ मध्ये पुन्हा आलं. पण त्याचा कायदा काही झाला नाही. आपल्यातले बरेच जण 'आपण व्हिसावाले, आपलं कोण ऐकणार' म्हणून गप्प बसतात. मीही बसले होते. मतदानाचा हक्क नसला तरी आपल्या भागातल्या प्रतिनिधीच्या ऑफिसात फोन करता येतो. मागच्या आठवड्यात मी केला. पलीकडच्या मुलीनं सगळं लिहून घेतलं, दोनदा स्पेलिंग विचारलं.

ज्यांची मुलं आत्ता सोळा-सतराची आहेत त्यांनी एकविसाव्या वाढदिवसाची तारीख आजच वकिलाला सांगा. कॉलेज निवडण्याआधी तिथल्या रेसिडेन्सी ऑफिसला (कोण राज्याचा रहिवासी हे तेच ठरवतं) थेट विचारा, की मधेच एच-फोरचा एफ-वन झाला तर फीचं काय होतं. प्रत्येक राज्याचं उत्तर वेगळं असतं. आम्ही विचारलं नव्हतं.