पौर्णिमा, पाणी आणि तुमची नाइट ड्यूटी

चंद्रकलांचा माणसाच्या वागण्याशी संबंध नाही, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. समुद्राला भरती आणणारा चंद्र सत्तर टक्के पाण्याच्या माणसाला कसा सोडेल, असं तुम्ही विचारता. शिवाय पौर्णिमेला कॅज्युअल्टीत गर्दी वाढते हे बारा वर्षं नाइट ड्यूटी करून पाहिल्यावर, पौर्णिमेला काय होतं ते खुर्चीत बसून लिहिणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये, असंही. खुर्चीचा टोला मान्य. पाण्याचं मात्र पटत नाही.

पृथ्वीची चंद्राकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांत सुमारे १२,७०० किलोमीटरचं अंतर आहे. दोन्हीकडच्या ओढीत जो फरक पडतो, त्यातून भरती येते. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्ससारख्या समुद्राएवढ्या तळ्यांतसुद्धा ती पाच सेंटिमीटरच्या आतच राहते. मग साडेपाच फुटी माणसाच्या डोक्यात आणि तळपायात तो फरक कितीसा असणार? आणि उधाण तर अमावास्येलाही येतं. तुमच्या प्रतिक्रियेत अमावास्येचं नावही नाही.

गर्दीबद्दल तुम्ही खोटं सांगताय, असं मी म्हणत नाही. पण डोळ्यांना चंद्र दोन-तीन रात्री पूर्णच भासतो. साडेएकोणतीस दिवसांच्या चक्रात म्हणजे दर दहातली एक रात्र 'पौर्णिमेची' ठरते. त्या रात्री गोंधळ झाला की कुणीतरी खिडकीकडे बोट दाखवतं. षष्ठीला झाला तर नुसतं 'आज फार झालं' म्हणून चहा घेतात. रॉटन आणि केली या दोन संशोधकांनी १९८५ मध्ये ३७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा चंद्रकला आणि विक्षिप्त वागणं यांत दखल घ्यावी असा संबंध सापडला नाही.

आता माझी चूक. मूळ लेखात मी 'काडीचाही संबंध नाही' असं ठोकून दिलं होतं. झोपेबाबत ते जास्तच झालं. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांना ३३ जणांच्या जुन्या नोंदींत पौर्णिमेच्या आसपास झोप सुमारे वीस मिनिटांनी कमी दिसली, तीही चंद्र न दिसणाऱ्या प्रयोगशाळेत. (ही तपासणी करायची कल्पना त्यांना बऱ्याच वर्षांनी, एका पौर्णिमेच्या संध्याकाळी बारमध्ये सुचली!) पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाला ४७० जणांच्या नोंदींत तसं काही आढळलं नाही. मग २०२१ मध्ये अर्जेंटिनातल्या तोबा आदिवासींत आणि अमेरिकेतल्या सिएटलच्या विद्यार्थ्यांत पुन्हा दिसलं: झोप उशिरा आणि कमी, पण पौर्णिमेच्या तीन ते पाच रात्री आधी. त्या दिवसांत चांदणं ऐन संध्याकाळी मिळतं, हे कारण मला पटण्यासारखं वाटतं. मन कधी उन्मादाच्या, कधी नैराश्याच्या टोकाला जातं त्या बायपोलर आजारात एखादं जागरणही उन्मादाला निमित्त होऊ शकतं. त्यामुळे चंद्राचा मनाशी काही धागा असलाच, तर तो झोपेतून जात असेल, पाण्यातून नाही.

तुम्ही अजून ड्यूटीवर असाल, तर एक कराल? तीन महिने रोज रात्री किती पेशंट आले तेवढंच लिहा, तिथी नको. शेवटी पंचांग मी लावतो. आकडे तुमच्या बाजूने निघाले तर इथेच छापीन, या उत्तराच्या वर.